परसदारीचा इतिहास

(लेखक : एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक)

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मूळ गावे, कुलदैवते, वंशावळी आणि थोर पूर्वज यांविषयीचे अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध होत असतात. यंदा माननीय कार्यवाहांनी 'इतिहासावर काही तरी लिहा' अशी मजकडे मागणी केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला. त्यानंतर अडतीस वर्षे मुलांना पाढे आणि बाराखडी शिकविण्यात गेली. राजेरजवाड्यांविषयी नवे काही सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु एका जागेविषयी मात्र मला सांगता येईल असे वाटले. ती जागा आपल्या प्रत्येकाच्या मूळ घरी होती आणि आज बहुतेकांच्या घरी ती उरलेली नाही. ती जागा म्हणजे घराचे परस. तिच्याविषयी लिहिण्यास मला एक खाजगी कारणही आहे; ते लेखाच्या ओघात येईलच.

परस म्हणजे घरामागची रिकामी जागा, एवढाच अर्थ आजची मुले करतात. वस्तुतः ती रिकामी कधीच नव्हती. आपल्या जुन्या घरांची रचना आठवून पाहावी. पुढे अंगण, मग ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर व मोरी, आणि मागील दार उघडले की परस. हा क्रम सहज म्हणून पडलेला नाही. मोरीचे पाणी जेथे बाहेर पडे तेथेच अळूचे व केळीचे आळे असे. चुलीतील राख जवळच्या वाफ्यात पडे. फोडणी तडतडत असता गृहिणीने मागील दारी जाऊन कढीलिंबाची डहाळी तोडावी आणि तेल करपण्याच्या आत परत यावे, इतकेच अंतर असे. मांडवावर दोडका, पडवळ किंवा घेवडा. कुंपणाकडे शेवगा आणि हादगा. विहिरीच्या काठाशी लिंबू. एका कोपऱ्यात अडुळसा, गवती चहा, आंबेहळद अशी घरगुती औषधे. घरातून जे टाकाऊ म्हणून बाहेर पडे, तेच परसातून अन्न होऊन घरात परत येई. उद्यानरचनेच्या शास्त्राचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, त्या आपल्या आज्या-पणज्यांनी ही योजना पिढ्यान्‌पिढ्या चालविली होती.

या विषयाचे शास्त्र मात्र आपल्याकडे फार प्राचीन काळापासून आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकलेली दिसेल तेव्हाच पाणी घालावे, असा नियम त्यात दिला आहे. दोन झाडांमधील अंतर वीस हात असणे उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात कनिष्ठ, असेही तो सांगतो. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरल्यास वीस हातांचे तीस फूट होतात. आजही आंब्याच्या कलमांची परंपरागत लागवड साधारण तेवढ्याच अंतरावर करतात, हे पाहिले म्हणजे त्या ग्रंथकाराविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही. सुरपाल नावाच्या विद्वानाचा 'वृक्षायुर्वेद' हा ग्रंथ तर संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेला आहे. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होती. तिचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या या विद्येची अनेकांना नव्याने ओळख झाली.

महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास संत सावता माळी यांचे स्मरण प्रथम होते. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे त्यांचे गाव. शके १२१७, म्हणजे इ.स. १२९५ मध्ये त्यांनी समाधी घेतली. पंढरपूर जवळ असूनही मळा सोडून त्यांना कोठे जावेसे वाटले नाही, कारण वाफ्यातल्या भाजीतच त्यांना पांडुरंग भेटत होता. समर्थ रामदासांनीही 'बागप्रकरण' या नावाने वृक्षवेलींची मोठी नामावळीच रचून ठेवली आहे. झाडांची इतकी नावे ज्याला मुखोद्गत, तो पुरुष नुसता मठात बसणारा नव्हता हे उघड आहे.

परंतु परसाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा कागद मला वाटतो तो 'आज्ञापत्रा'चा. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा राजनीतीवरील ग्रंथ सिद्ध केला. शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराचा ज्याने प्रत्यक्ष अनुभव घेतला, अशा पुरुषाचा हा ग्रंथ आहे. आंबा-फणसाच्या झाडांना आरमारासाठीसुद्धा हात लावू नये, कारण ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, हा त्यातील भाग पुष्कळांच्या वाचनात असतो. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊनच ते तोडावे, असेही तेथे बजावले आहे. मात्र त्याच ग्रंथात गडांच्या व्यवस्थेविषयी जे लिहिले आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गडावरील वाटांवर व बाजारात केरकचरा पडू देऊ नये. तो गडाखालीही टाकून देऊ नये. जागोजाग जाळून त्याची राख परसात घालावी आणि घरोघरी होईल तो भाजीपाला करावा, असा त्या आज्ञेचा आशय आहे. गडावर जागा थोडी, पाणी मोजके आणि शत्रूचा वेढा कधी पडेल याचा नेम नाही. अशा ठिकाणी राज्यकर्त्याने तोफा व दारूगोळा यांच्याबरोबर परसातील भाजीचाही विचार केला आहे. ज्याला परस ही हौसेची बाब वाटते, त्याने ही आज्ञा एकवार अवश्य वाचावी. परस ही घराची शिबंदी आहे, हे तिने मला शिकविले.

आता एक गमतीची गोष्ट सांगतो. ज्या परसाला आपण अगदी आपले, अस्सल म्हणतो, त्यातील निम्मे रहिवासी समुद्रापलीकडून आलेले आहेत. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या गलबतांतून अमेरिका खंडातील नवनवी झाडे आपल्या किनाऱ्यावर उतरली. मिरची, बटाटा, पेरू, पपई, काजू, अननस ही सर्व त्या खंडातील. अननस, पपई, काजू, बटाटा ही नावेसुद्धा त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा येई तो मिरी व पिंपळी यांचा. मिरचीला तिचे नाव मिरीवरूनच पडले. एवढेच कशाला, दसऱ्याला ज्याच्या माळेवाचून तोरण पुरे होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा, आणि देवाला वाहतो तो पांढरा देवचाफाही अमेरिकेचाच. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपल्याकडील औषधी वनस्पतींविषयी लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेटही त्याला भोगवट्याने मिळालेले होते. परक्यांनी आपल्या वनस्पतींची अशी नोंद केली आणि आपल्या बायकांनी परक्यांच्या वनस्पतींना अशा रीतीने घरचे करून घेतले की चारशे वर्षांत त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. सून घरात मुरावी तशी मिरची आपल्या परसात मुरली.

श्रीमंतांच्या बागांचा इतिहास निराळा आहे. तोही थोडक्यात पाहू. मराठवाड्यात सतराव्या शतकातील बीबी का मकबरा ही वास्तू मोगली पद्धतीच्या चारबागेत उभी आहे. पाण्याच्या पाटांनी बागेचे चौकोनी भाग पाडावयाचे, ही त्या रचनेची खूण. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ बांधून पाणी आणले व गावात हौद केले. हिराबाग त्यांच्याच काळची. सारसबागेच्या जागी तर तेव्हा तळे होते व त्यातील बेटावर पुढे गणपतीचे देऊळ झाले. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची. त्यातील सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे आजही पाहावयास मिळते. भोवतालचा वाडा मात्र १८२८ च्या आगीत गेला. या सर्व वैभवाचे मूळ कात्रजच्या पाण्यात होते. आधी पाण्याची सोय आणि मग बाग, हा क्रम पेशव्यांनाही चुकला नाही.

इंग्रजी अमदानीत बागेची जागाच बदलली. मुंबईत १८६२ साली राणीचा बाग सुरू झाला. त्यास आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव आहे. साहेबांच्या बंगल्यांपुढे हिरवळ, मेंदीचे कातरलेले कुंपण व क्रोटनच्या कुंड्या दिसू लागल्या. ते पाहून आपल्याकडील सुशिक्षितांनीही घरे बांधली आणि बाग मागून पुढे आली. हा बदल वरवर लहान दिसतो. परंतु माझ्या मते तो फार मोठा होता. मागील बाग घरच्यांसाठी असते, पुढील बाग रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी. मागील बागेत गृहिणी राबते, पुढील बागेत पगारी माळी. पुढील बागेला माझा विरोध नाही. दारी जाई-जुई, मोगरा, पारिजातक असावेत, येणाऱ्याचे मन प्रसन्न व्हावे. परंतु पुढची शोभा वाढत गेली आणि मागचे परस 'बॅकसाइड' म्हणून अडगळीचे झाले, हे खरे. त्याच सुमारास आपल्यातील पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईच्या चाळीत गेली. तेथे अंगण नाही, परस नाही. दीड खोलीचा संसार. तरीही डालड्याच्या रिकाम्या डब्यात तुळस लावून ती गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेली मी लहानपणी मामांच्या चाळीत पाहिली आहे. ओवा आणि गवती चहासुद्धा त्या कठड्यावर असे. परस गेले तरी परसाची सवय गेली नव्हती.

या सर्व इतिहासात एक मोठी उणीव आहे, ती येथे नमूद करणे अवश्य वाटते. बखरी पुरुषांनी लिहिल्या. परस स्त्रियांनी सांभाळले. म्हणून परसाची बखर झाली नाही. भोपळ्याचे, वालाचे, घेवड्याचे बी राखेत घोळवून मडक्यात ठेवणे, चिंधीत बांधून उतरंडीला जपणे, हे कोणी लिहून ठेवले नाही. लेक सासरी निघाली की माहेरच्या काकडीचे बी तिच्याबरोबर जाई. आपल्या ज्ञातीतील सोयरिकी ज्या ज्या गावी झाल्या, त्या त्या गावी ही बियाणेही गेली. वंशावळींत आपण पुरुषांची नावे लिहितो. परंतु कोणत्या गावची लेक कोणत्या गावी गेली याची खूण एखाद्या परसातील वेलीवर सापडली असती. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माउलीने गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या आजीच्या उतरंडीला शासनाने केलेला तो नमस्कार आहे, असे ती बातमी वाचताना मला वाटले.

आता माझे खाजगी कारण सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. विहिरीने तळ गाठलेला, शाळेत सुकडी मिळत असे. आमच्या आईने अंघोळीचे व भांड्यांचे पाणी परसातील एका शेवग्याला आणि चार हात अळूला घालून ती दोन जिवंत ठेवली. शेवग्याचा पाला, फुले आणि शेंगा यांवर आमची सात माणसांची पंक्ती त्या वर्षी किती वेळा उठली, त्याची गणती नाही. त्याच आईच्या डोळ्यांदेखत १९९८ साली मी नवे घर बांधले. गवंड्याने सुचविले आणि मला पटले : विहीर बुजविली, शेवगा तोडला, मागे शहाबादी फरशी घातली. स्वच्छ, चिखल नाही, पाने झाडावी लागत नाहीत, याचे मला मोठे भूषण वाटले. आईने फरशीवर उभी राहून एवढेच विचारले, "आता अळू विकत आणायचं का रे?" मी हसलो. पुढच्याच पावसाळ्यात पाणी मुरावयास जागा न राहिल्याने ते मागील दाराने स्वयंपाकघरात शिरले. आईने मुकाट्याने सुपलीने ते बाहेर लोटले. ती गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, २०१५ मध्ये निवृत्त झालो तेव्हा, मी पहारीने त्यातील आठ फरश्या उचलल्या. खालची माती दगडासारखी झाली होती. तिला पालापाचोळा व शेण घालून पुन्हा मऊ करण्यास मला तीन वर्षे लागली. आज तेथे अळू आहे. बुजविलेली विहीर मात्र परत आणता आली नाही. ज्याने शाळेत मुलांकडून वाफे करून घेतले, त्याने स्वतःच्या घरी हे केले, ही खंत मी आज ज्ञातिबांधवांपुढे प्रांजळपणे मांडतो.

हे मांडण्याचे कारण असे, की आपल्या मंडळाच्या विद्यार्थी वसतिगृहाची नवी इमारत होऊ घातली आहे. तिचा नकाशा गेल्या सभेत सर्वांनी पाहिला. इमारत उत्तम आहे. कार्यकारी मंडळाचे परिश्रम वंदनीय आहेत. परंतु मागील सर्व जागा वाहनतळासाठी सिमेंटची दाखविली आहे. त्यातील फक्त एक गुंठा मातीचा ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेहतीस फूट लांब आणि तितकेच रुंद. पाच-सहा मोटारी कमी उभ्या राहतील. वाहने पुढेही उभी राहू शकतील. सिमेंटखाली गेलेली माती मात्र लवकर परत येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

एवढ्या जागेत काय होईल, असे कोणी विचारील. वराहमिहिराच्या हिशेबाने त्यात आंब्याचे एकच झाड उत्तम वाढेल. म्हणून मोठ्या झाडांचा मोह धरू नये. लिंबू, कढीलिंब, पपई पुरे. शेवगा इमारतीपासून दूर, कुंपणाजवळ असावा, कारण त्याची फांदी ठिसूळ असते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून वेलांचे मांडव उत्तरेच्या बाजूस घालावेत, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर पडणार नाही. वाफे चार फुटांहून रुंद नसावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो व माती तुडविली जात नाही. वाफ्यांमधून दीड-दोन फुटांची वाट ठेवावी. मेथी, पालक, मुळा, वांगी, भेंडी, गवार ही ऋतूप्रमाणे फिरवावीत. एकाच वाफ्यात तेच पीक पुनःपुन्हा घेऊ नये. स्नानगृहाचे पाणी केळी, अळू व कर्दळ यांच्या आळ्यातून न्यावे. स्वयंपाकघरातील सालपटे व उष्टे यांसाठी एका कोपऱ्यात खताचा खड्डा करावा. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी आपल्या 'प्रयोग परिवारा'तून हेच सांगितले, की थोड्या जागेत, घरच्याच काडीकचऱ्यावर, सामान्य माणूस स्वतः प्रयोग करून विपुल पिकवू शकतो. रोजची सर्व भाजी त्यातून निघेल असे मी म्हणत नाही. पण परगावाहून आलेल्या मुलांना एक बी रुजताना दिसेल; आणि घराची आठवण येऊन रडू आलेल्या एखाद्या नव्या मुलाला संध्याकाळी हातात झारी घेऊन उभे राहावयास एक जागा होईल. अडतीस वर्षे मुले पाहिली, म्हणून हे सांगतो.

भगिनीवर्गाला एक सूचना करून हा लेख पुरा करतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी आपण प्लॅस्टिकचे डबे व वाट्या लुटतो. पुढील संक्रांतीला प्रत्येकीने आपल्या माहेरच्या वा सासरच्या एखाद्या गावठी भाजीचे बी कागदाच्या पुडीत घालून, वर गावाचे नाव लिहून, वाण म्हणून आणावे. ज्यांची घरे शहरात तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आहेत, त्यांनीही आणावे व न्यावे. ऊन येणाऱ्या गॅलरीत एका कुंडीत मेथी व एका कुंडीत मिरची सहज होते. त्या पुड्यांची एक वही कोणी तरी ठेवावी. कोणते बी कोणत्या गावाहून आले व कोणत्या घरी गेले, एवढेच तिच्यात असावे. आपल्या ज्ञातीचा जो इतिहास आजवर कोणी लिहिला नाही, त्याचे ते पहिले पान होईल.

वसतिगृहाच्या मागच्या एका गुंठ्याचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. तो अनुकूल झाला, तर पहिला वाफा खणण्यास मी माझी कुदळ घेऊन येईन. आमच्या परसातील अळूचे चार कंद मी त्यासाठी बाजूला काढून ठेवले आहेत.